अस्तुरीची ओळ

माघ सरत आला की तलवाड्याच्या माळावर ऊन एकदम वयात येतं. सकाळी शाळेला निघताना अंगावर शाल लागते आणि शाळा सुटेपर्यंत तीच शाल हातातलं ओझं होऊन बसते. कापसाच्या पळाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना अजून कुलपं असतात, म्हणून वर्गातले मागचे बाक रिकामे दिसतात. अशा दिवसांत आमच्या द्राक्षांच्या ओळींवर पाखरांसाठी लावलेली जाळी वाऱ्यानं फुगते आणि तिच्या आतून कात्र्यांचा आवाज यायला लागतो. बायका वाकून घड कापतात, कॅरेटात अलगद ठेवतात. यंदाही परवा तो आवाज सुरू झाला. मी बांधावर उभी राहून ऐकला, आणि पोटात ती कळ आली.

ती कळ कसली, हे मला पक्कं माहीत आहे. मी शाळेत मराठी शिकवते. हेवा, मत्सर, असूया यांतला फरक मी मुलांना दरवर्षी समजावून सांगते आणि दरवर्षी थोडा चुकीचा सांगते. आमच्याकडच्या बायका त्या भानगडीत पडत नाहीत. त्या सरळ म्हणतात, 'तिच्या पोटात दुखायलंय.' हेच सगळ्यात बरोबर आहे, कारण ते खरोखरच पोटात दुखतं. बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला. मला ते दुखणं एका द्राक्षाच्या वेलीपायी लागलं.

माझ्या नवऱ्याचं नाव बालाजी. बोलताना मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना नाव घेणार आहे, कारण इतक्या 'अहों'मध्ये माणूस हरवून जातो. बालाजी कमी बोलणारे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं लाजत असतील. नंतर कळलं की त्यांना बोलण्यासारखं काही सुचतच नाही. निदान मी तसं समजून चालले होते. ताटावर बसले की खाली मान घालून जेवायचे आणि उठताना म्हणायचे, 'बरी झालती.' भाजी अंबाडीची असो, शेपूची असो, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी असो, सगळी 'बरी झालती.' एकदा मीठ घालायचं विसरले होते, तीही बरीच झाली होती.

आमचा खायच्या द्राक्षांचा मांडव आधीपासून होता. बाकी मोसंबी, थोडा कापूस. नाशिककडचा एक वाईन करणारा कारखाना मराठवाड्यात जमीन बघत होता आणि कुणीतरी त्यांना बालाजींचं नाव सांगितलं. मग एक दिवस धुळीनं भरलेली जीप अंगणात आली आणि तीतून रेवती मॅडम उतरल्या. कारखान्याच्या द्राक्षांचं सगळं त्यांच्याकडे होतं. साधारण माझ्याच वयाच्या, केस आखूड कापलेले, डोक्याला मोठी टोपी, नखांत माती. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं, तांब्या वर धरून घटाघटा प्यायल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या. पाहुणी म्हणून मला त्या आवडल्याच.

त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. "पांढऱ्या वाईनची नेहमीची द्राक्षं आमच्याकडे घरोघरी आहेत. शेनिन म्हणा, सॉव्हिन्यों म्हणा. आम्हाला आता ज्यांची नावं इथं कुणी ऐकली नाहीत अशा जाती लावून बघायच्या आहेत. उन्हातानाच्या देशांतल्या. तुमचं ऊन त्यांना मानवतं का, ते बघू."

"पांढरी म्हंजे कशी?" बालाजींनी विचारलं.

"दिसायला हिरवी-पिवळीच. वाईन पांढरी होते, म्हणून पांढरी म्हणायचं."

माळाकडच्या तुकड्यात चार जाती लावायच्या ठरल्या. वर्मेंटिनो, ग्रिलो, फियानो आणि असिर्टिको. आमच्या मातीला चालणाऱ्या खुंटावर त्यांची कलमं झाली, तारा ओढल्या, आणि वेली मांडवावर न जाता तारेला धरून सरळ उभ्या राहिल्या, शाळेतल्या मुलांनी प्रार्थनेला राहावं तशा. नावं कुणालाच उच्चारता येईनात. तोडणीच्या बायकांची मुकादमीण कौसाबाई, तिनं पहिल्या आठवड्यातच त्यांचं बारसं उरकलं. वर्मेंटिनोची झाली वरमाई. ग्रिलोचा झाला गिरीलाल. फियानोला ती पियानो म्हणायची. आणि असिर्टिको म्हणता म्हणता जीभ अडखळली, तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या बया, ही आपली अस्तुरी."

अस्तुरी म्हणजे बाई. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून तो शब्द आहे, बायकोलाही म्हणतात. एका पिकाला असं नाव पडलं की पुढं काय होणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी शाळेतून येऊन विचारायचे, "मालक कुठं हायत?" आणि कौसाबाई डोक्यावरचा पदर दातांत धरून सांगायची, "मालक व्हय? अस्तुरीपाशी." ओळींतून बायकांचा हसू दाबल्याचा आवाज यायचा. मीही हसायचे. पहिल्यांदा खरंखुरं.

अस्तुरीची गोष्ट मॅडमनी ओट्यावर बसून सांगितली होती. ती ग्रीस देशातल्या एका बेटाची. तिथं पाऊस नावाला, जमीन ज्वालामुखीच्या राखेची, आणि वारा असा की उभी वेल मोडून पडते. म्हणून तिथले शेतकरी वेल जमिनीलगत गोल गोल वळवतात, दुरडी विणावी तशी, आणि घड त्या दुरडीच्या पोटात वाढतात. कितीही ऊन असो, तिच्यातला आंबटपणा मरत नाही. बाकीची द्राक्षं उन्हात नुसती गोड होऊन बसतात, ही आपलं पाणी धरून राहते. बालाजी हे ऐकत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चहा गार झाला. माझी कुठलीच गोष्ट ऐकताना त्यांचा चहा गार झालेला मला आठवत नाही.

वेलींवर पहिला धरायजोगा माल आला ती फाल्गुनाची सुरुवात होती. हाच तो हंगाम, जो दरवर्षी जाळीबरोबर माझ्यापुढं परत येतो. मॅडम चव बघायला आल्या होत्या. दुर्बिणीसारखी एक लहान नळी होती त्यांच्याकडे, तीत रसाचा थेंब टाकून साखर बघायची. पण त्यांचा त्या नळीपेक्षा जिभेवर जास्त भरवसा. मणी तोंडात टाकायचा, साल वेगळी चावायची, बी दातांखाली फोडून बघायची आणि सगळं थुंकून टाकायचं. मी चहाची किटली आणि कप घेऊन गेले तेव्हा दोघं अस्तुरीच्या ओळीत उभे होते, पाठमोरे.

मॅडम म्हणत होत्या, "पुस्तकातले शब्द मला नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत. तुम्हाला काय आठवतं ते सांगा."

बालाजींनी आणखी एक मणी तोंडात टाकला. मला वाटलं, आता म्हणतील, बरं हाय.

"तुरीच्या वल्ल्या शेंगा मिठात उकडतेत," ते म्हणाले, "शेंगा काढून घेतल्यावर पातेल्यात खाली पाणी ऱ्हातं. हिरवट, खारट. त्ये पाणी गार झाल्यावर पिलं की जसं लागतंय, तसं पहिल्यांदा आलं. मग मागून आंबट. पण कैरीवानी कचकन न्हाई. अंबाडीची भाजी आसती ना, तिच्यात ज्वारीच्या कण्या घालतेत. कण्यांनी ती आंबटाई दबून जाती, पर गिळल्यावर पुन्हा घशातून वर येती. तसं."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "आणि वरमाई?" त्यांनाही आता तेच नाव तोंडात बसलं होतं.

"ती शेवटाला कडू हाय. मेथी निवडताना एखादा कवळा देठ तोंडात टाकावा, तशी. वाईट कडू न्हाई. ते कडू पुन्हा खावंसं वाटतंय."

मी किटली घेऊन तिथंच उभी राहिले. अंबाडीत कण्या घालणारी मी. ती माझ्या आईची रीत, नांदूरघाटची. सासरी कुणी घालत नव्हतं, मी घातल्या. तुरीच्या शेंगा पौषात मीच उकडल्या होत्या, आणि खाली उरलेलं पाणी हा माणूस गुपचूप पीत होता, हे मला माझ्याच घरात माहीत नव्हतं. मेथी निवडताना देठ तोंडात टाकला तोही माझ्या सुपातला असणार. म्हणजे यांना सगळं कळत होतं. जीभ होती, शब्दही होते. इतकी वर्षं मी समजत होते की विहिरीला पाणी नाही, म्हणून मी कधी पोहरा सोडला नाही. पाणी होतं. ते दुसरीकडे निघालं होतं.

मला वाटतं, बाईवर संशय घेण्यासारखं काही असतं तर सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं, भावाला बोलावता आलं असतं. पण रेवती मॅडम भल्या होत्या. मला बघून त्या पुढं आल्या, माझ्या हातातली किटली घेतली आणि म्हणाल्या, "ताई, तुमचे मिस्टर कवी आहेत." आणि मी, मराठीची बाई, नववीच्या पोरांना वर्णनात्मक निबंधाचे गुण देणारी बाई, नुसती हसले.

नंतर एकदा, ओळीत कुणी नसताना, मी अस्तुरीचे मणी खाऊन बघितले. एक, मग दुसरा, मग मूठभर. साल चावली, बीही फोडली. मला नुसतं आंबट लागलं.

त्या दिवसांत मी काय काय रांधलं. अंबाडीला लसणाची फोडणी वरून दिली, कैऱ्या आणून चटणी केली, कारळं भाजून वाटलं. आंबट वाढवलं, तिखट उतरवलं. ताटासमोर बसून तोंडाकडे बघत राहायचे.

"कशी झाली?"

"बरी झाली."

"नुसती बरी?"

"मग आनखी काय म्हणू?" त्यांनी खरंच विचारलं.

"अस्तुरीला तर लई शब्द सुचतेत तुमाला."

ते भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "अगं सुमन, ते काम हाय."

स्वयंपाक हे माझं काम होतं, जेवण हे त्यांचं काम नव्हतं. एवढंच त्यातून निघत होतं.

बीडचे रफिकभाई त्याच आठवड्यात आले होते. आमच्या मांडवातली खायची द्राक्षं दरवर्षी तेच न्यायचे. त्यांच्या वडिलांचं बीडला फळांचं दुकान, आता यांचं. घरचा माणूस असल्यासारखे, येताना माझ्यासाठी पपई घेऊन यायचे. त्यांनी नव्या वेलींकडे चक्कर मारली आणि तोंड वाकडं करून परत आले.

"बी लई, साल जाड, मणी बारीक. ह्याला गिऱ्हाईक न्हाई, भाभी. आन् जे ह्याचं करायचंय त्येला आमी हात लावत न्हाई." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "का ओ, तब्येत बरी न्हाई का?"

मी हसण्यावारी नेत सांगितलं. तुमचे दोस्त दिवसभर त्या वेलीची तारीफ करतेत, घरातल्या अन्नाला शब्द न्हाई.

रफिकभाई मोठ्यांदा हसले. "घरच्या मालाची तारीफ कोण करतंय, भाभी? तारीफ विकायच्या मालाची. मी माझ्या दुकानात गिऱ्हाइकासमोर सफरचंदाला काय काय म्हंतो. घरी खाताना म्हंतो का?"

त्यांना वाटलं माझं समाधान झालं. पपई चांगली निघाली, एवढं खरं.

यंदा गिरीलाल आणि पियानो नाहीत. कारखान्यानं नंतर त्या दोन्ही जाती काढायला सांगितल्या, इथल्या उन्हात त्यांचा आंबटपणा टिकत नव्हता. वरमाई राहिली, आणि अस्तुरी राहिलीच. तिच्या ओळी आता वाढल्यात. परवा बांधावरून बघताना खोडं मनगटाएवढी झालेली दिसली. एकदा माझ्या मनात आलं होतं की कारखाना हिलाच काढायला सांगेल. त्या पहिल्याच हंगामात ज्या दिवशी गारा पडल्या त्या दिवशी तर मी त्याच्याही पुढं गेले होते.

तो दिवस उकाड्यानंच उगवला होता. शाळा सकाळची झाली होती. मुलांना सोडून बाहेर आले तर गोदावरीच्या अंगाला आभाळ तांब्याच्या कळकटलेल्या भांड्यासारखं दिसत होतं. तशीच शेतावर गेले. बालाजी फोनवर मॅडमशी बोलत होते. मॅडमना अजून थोडी साखर चढायला हवी होती. बालाजी म्हणाले, "साखरेचं ऱ्हाऊ द्या. हे आभाळ मला बरं दिसंना. अस्तुरी आता उतरवतो, बाकीचं नशीब." आणि फोन खिशात टाकून त्यांनी बायकांना हाक मारली.

मीही पदर खोचून ओळीत शिरले. सगळ्यांनी अस्तुरी धरली. बोलणं बंद, नुसत्या कात्र्या. मी तिचे घड कापत होते आणि मनात म्हणत होते, येऊ दे एकदाचं, सगळं जाऊ दे. हात मात्र जपून चालत होते. मणी फुटू देत नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि मला त्याचं नवलही वाटत नव्हतं.

कॅरेटं भरून ओळीच्या तोंडाशी रचली. ती छपरापर्यंत न्यायच्या आतच वारा सुटला. पहिली गार पत्र्यावर वाजली आणि बायका छपराकडे पळाल्या. बाकी ताडपत्र्या खळ्यावर हरभऱ्याच्या ढिगावर होत्या. इथं एकच होती. बालाजींनी ती ओढून काढली, कॅरेटांवर टाकली, आणि वाऱ्यात ओरडून मला म्हणाले, "त्ये टोक धर."

मी टोक धरलं. पलीकडचं त्यांनी धरलं. मध्ये ताडपत्रीखाली अस्तुरी, आणि आम्ही दोघं गारांत. बोराएवढी गार डोक्यात बसते तेव्हा आधी आवाज होतो, दुखतं नंतर. पाठीवर, खांद्यावर, मनगटाच्या हाडावर मारा चालला होता. ताडपत्री सोडली असती तर छप्पर फार लांब नव्हतं. मी बालाजींकडे बघत होते. त्यांच्या कानामागून रक्ताचा ओघळ आला होता आणि त्यांना तो कळत नव्हता. सगळा वेळ त्यांची नजर कॅरेटांवर होती. एकदाही वर आली नाही.

गारा थांबल्या. जमीन पांढरी झाली होती. मांडवाची जाळी फाटून लोंबत होती. गिरीलाल आणि पियानोचे घड वेलीवरच ठेचले गेले होते, त्यांचा गोडसर वास हवेत पसरला होता. बालाजींनी त्यातलं काही बघितलं नाही. त्यांनी ताडपत्री उचलली, वरच्या कॅरेटातला एक घड हातात घेतला आणि मण्यामण्यावरून बोट फिरवत तपासला. मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं.

"लागलं का?"

मी म्हटलं, "कुणाला?"

त्यांना समजलं. कौसाबाई छपरातून माझ्यासाठी पोतं घेऊन धावत येत होती, तिनं ते माझ्या डोक्यावर टाकलं आणि मला हाताला धरून नेलं. माझं मनगट सुजून आलं होतं. दुपारी पिकअप आली आणि अस्तुरी सुखरूप नाशिकला गेली.

त्यानंतर मी बालाजींशी कामापुरतं बोलायचे. पाणी तापलंय. चावी तिथं हाय. मुलीचा लातूरच्या हॉस्टेलवरनं फोन आलता. हळद उगाळून त्यांनी माझ्या मनगटाला लेप लावला, तोही मी लावून घेतला. मनगट उतरलं. एक दिवस जेवताना त्यांनी घास गिळला, खाकरले, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आज वरणाला... जिऱ्याचा धूर लागलाय. म्हंजे, चांगला. आन् मागून गोडसर येतंय."

शाळेत पाठ न केलेला मुलगा उभा राहून बोलतो, तसे ते बोलले. दुसऱ्या एखाद्या बाईला त्यावर भरून आलं असतं. मला राग आला. 'मागून येतंय' हे ते अस्तुरीच्या ओळीत शिकले होते. तिच्यासाठी वापरून झालेले शब्द धुऊन पुसून माझ्या ताटात वाढलेले मला नको होते. मी म्हटलं, "जिरं करपलं होतं," आणि ताट उचललं. ते पुन्हा तसं काही बोलले नाहीत. त्याचंही मला वाईट वाटलं. या दुखण्याचं असंच असतं. दिलं तरी दुखतं, नाही दिलं तरी दुखतं.

पाऊसकाळ गेला, दसरा झाला. मॅडमचा फोन आला की अस्तुरीची वाईन चाखण्याजोगी झाली आहे, या. बालाजींना एकट्यानं जायचं होतं असं नाही, पण मला विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. मॅडमनीच माझ्याशी बोलायचं म्हणून सांगितलं. "ताई, गारांत तुम्हीही उभ्या होतात. तुम्ही आलंच पाहिजे."

शाळेत मी शिर्डीला जाते म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, वाटेत दर्शन घेतलंच. आमच्या गेवराईवरून शेवगाव, नेवासा करत आम्ही गेलो. भाड्याची गाडी न करता बालाजींनी स्वतःची चालवली.

कारखान्यात आत गारवा होता, फरशी ओली, स्टीलच्या उंच टाक्या आणि खमिरासारखा वास. मॅडमनी एका टाकीच्या तोटीतून तीन ग्लासांत थोडी थोडी काढली. रंग जवळजवळ नव्हताच, जरासा हिरवा कळायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा असलं काही हातात धरलं होतं. मला माझी आई आठवली, आणि लगेच तिला मनातून बाहेर पाठवलं.

"गिळायचं नसेल तर त्या भांड्यात थुंका," मॅडम म्हणाल्या. "बालाजीराव, आधी तुम्ही."

बालाजींनी घोट घेतला, तोंडात घोळवला. "त्येच हाय," ते म्हणाले. "शेंगांचं पाणी. अंबाडी." थांबले. आणखी शोधत होते. सापडलं नाही.

"ताई?"

मी घोट घेतला. थंड, आंबट, जिभेच्या दोन्ही कडांना चावणारं. मी थुंकणार होते, पण तेवढ्यात मागून काहीतरी आलं, दगडासारखं, ओलं, खारट. आणि मी नांदूरघाटच्या शाळेत जाऊन बसले.

"पाटी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"लिहायची पाटी. दगडी. आमच्या शाळेमागं चिंचेचं झाड होतं. चैत्रात कवळा पाला फुटला की आमी तो पाटीवर ठेवून दुसऱ्या दगडानं वाटायचो. मीठ टाकायचं आन् पाटीवरूनच चाटायचं. तिच्यावर आधीच्या तासाची पेन्सिल पुसलेली आसायची, तिची भुकटी पन त्यात यायची. सगळं मिळून जसं लागायचं ना, तसं हे लागतंय. शेवटाला तर अगदी पाटीच लागती. गार, काळी." मी आणखी एक घोट घेतला, आणि तो गिळला. "मीठ सलीम आणायचा. मिस्त्रीचा सलीम. शेजारी बसायचा. खिशात कागदाच्या पुडीत आणायचा. त्याची पाटी मोठी होती, म्हणून आमी त्याच्याच पाटीवर वाटायचो. एका कडेनं तो चाटायचा, एका कडेनं मी. मधी पोचलं की थांबायचं."

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या. "इतकी वर्षं हिला दगडाची चव म्हणतात, तो दगड कुठला ते आज कळलं," त्या म्हणाल्या. मी ग्लास रिकामा केला. माझे कान गरम झाले होते. बालाजी टाकीला टेकून उभे होते, हातात ग्लास तसाच.

निघताना मॅडमनी दोघांनाही गाडीपर्यंत सोडलं. शिर्डी मागं पडली. नेवासा आलं. बालाजी समोर बघून गाडी चालवत होते. मीही खिडकीतून उसाचे फड बघत होते. तोडीच्या बैलगाड्या दिसायला लागल्या होत्या, त्यांतली एखादी आपल्याकडची असेल म्हणून मी चेहरे शोधत होते.

"हा सलीम कोण?" बालाजींनी विचारलं.

"शाळेत होता."

"ते कळलं." थोडा रस्ता गेला. "मला कधी सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं त्यात?"

"मॅडमला कावून सांगितलं मग?"

मी त्यांच्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हात स्टीअरिंगवर घट्ट. हा माणूस मला पाठ होता, पण हे तोंड मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या पोटातलं दुखणं त्या वेळी, शपथेवर सांगते, पूर्ण थांबलं होतं.

"त्यांनी विचारलं म्हणून."

मग एका रसवंतीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे वळून बसले.

"मी पन विचारतो," ते म्हणाले. "ती चिंच शाळेच्या कोणत्या अंगाला होती?"

मी सांगितलं. त्यांनी पाला कोण तोडायचं विचारलं, मीठ खडं असायचं की बारीक विचारलं, मास्तर रागवायचे का, पाटी पुन्हा कशानं पुसायचो, सलीम पुढं काय झाला, मधी पोचल्यावर कोण आधी थांबायचं. रसवाला दोनदा येऊन बघून गेला. एकेक प्रश्न ते सावकाश विचारत होते, शब्द निवडून, आणि उत्तराची वाट बघत होते. मी सांगत होते, पण सगळं एकदम सांगत नव्हते. गेवराई अजून बरीच लांब होती.